जुना रथ, नवा सारथि

संस्कृत शास्त्रग्रंथांत दृष्टांतादाखल जे लौकिक न्याय येतात, त्यांत 'नष्टाश्वदग्धरथ' म्हणून एक न्याय आहे. दोन प्रवासी आपापल्या रथांतून एका गांवीं उतरले असतां तेथें आग लागली. एकाचे घोडे गेले, रथ राहिला. दुसऱ्याचा रथ जळाला, घोडे राहिले. दोघांनीं विचार करून एकाच्या रथास दुसऱ्याचे घोडे जोडले आणि दोघेहि मार्गस्थ झाले. एकाचें उणें दुसऱ्यानें भरून काढावें, हा त्याचा भावार्थ. वर्गांत हा न्याय शिकवितांना आम्हांस पूर्वीं उदाहरण शोधावें लागे. आतां तें अनेक घरांत आयतेंच दिसतें. आजोबांची पन्नास वर्षांची मोटार अंगणांत उभी आहे, परंतु आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदु आणि गुडघ्यांत वात. नातवास अठरा वर्षें पुरीं होऊन हातीं लायसेन्स आलें आहे, परंतु चालवावयास गाडी नाहीं. मग रथ आणि घोडे यांची गांठ पडते व घरांत सर्वांस आनंद होतो.

न्याय येथें पुरा होतो आणि व्यवहार सुरू होतो. त्या जोडरथाखालीं वाटेंत कोणी सांपडला असता तर भरपाई कोणीं द्यावयाची, हा प्रश्न शास्त्रकारांनीं काढला नाहीं. कारण त्यांस तो दृष्टांत निराळ्या कामासाठीं हवा होता. आपणांस मात्र तो काढल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आमच्या एका स्नेह्यांच्या वाड्यांत गेल्या पावसाळ्यांत हा प्रसंग आला. बारीक टाइपांतील कागद वाचावयाचे असले म्हणजे लोकांस निवृत्त मास्तरांची आठवण होते. त्याप्रमाणें आम्हांस बोलावणें आलें. गाडी १९६९ सालची फियाट. मुंबईस कुर्ला येथें प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत ही जात तयार होत असे व पुढें 'प्रीमियर पद्मिनी' या नांवानें ती घरोघर माहीत झाली. मुंबईंत शेवटीं नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली, तेव्हां अनेकांनीं तिला सुतक पाळावें तसा निरोप दिला. अशा गाडीवर माया बसणें स्वाभाविक आहे. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर, चारी चाकांस ड्रम ब्रेक. बसणाऱ्यास बांधून ठेवणारा पट्टा मूळ गाडींत नाहीं, मग हवेच्या पिशव्यांचें नांवच नको.

विमा प्रतिनिधि, आमचे स्नेही आणि त्यांचे चिरंजीव यांची दीड तास एकाच गोष्टीवर घासाघीस चालली होती: गाडीची किंमत किती धरावयाची? स्नेह्यांचें म्हणणें, ही गाडी अमोल आहे. हिच्यांतून आमची वरात आली आणि आईस शेवटच्या दुखण्यांत हिच्यांतूनच दवाखान्यांत नेलें. प्रतिनिधीचें म्हणणें, 'अमोल' हा आंकडा आमच्या रकान्यांत लिहितां येत नाहीं. अखेर आंकडा ठरला, चहा आला, आणि इतका वेळ दाराशीं उभा असलेला नातू हळूच म्हणाला, "आजोबा, गाडीची किंमत ठरली. माझी कुठें लिहिली आहे?" कोणी हंसलें नाहीं. मुलानेंहि तें थट्टेनें विचारलें नव्हतें. आम्हीं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यांत मुलाचें नांव कोठेंहि नव्हतें.

मोटारीचें विमापत्र सूत्रग्रंथासारखें वाचावें लागतें. आधीं उत्सर्ग, मागून अपवाद, आणि खरा अर्थ बहुधा अपवादांत. चालकाविषयींचें कलम सांगतें कीं, मालकासह कोणीहि मनुष्य गाडी चालवूं शकतो. मात्र अपघाताच्या वेळीं त्याच्यापाशीं वैध लायसेन्स असलें पाहिजे. शिकाऊ लायसेन्स असलेलाहि चालतो. परंतु त्याच्या शेजारीं पक्कें लायसेन्स असलेला आणि प्रसंगीं गाडी थांबवूं शकेल असा शिकविणारा हवा, व गाडीच्या पुढें-मागें 'एल' अक्षराची पाटी हवी. एवढ्या अटी पाळल्या कीं कलम संपलें. लायसेन्स काल मिळालें कीं तीस वर्षांपूर्वीं, हें तें विचारीत नाहीं. सक्तीच्या विम्याचा हप्ता तर इंजिनाच्या आकारावरूनच ठरतो; चालकाच्या वयाचा त्याच्याशीं संबंध नाहीं.

इंग्लंडांत याच्या उलट रीत आहे. तेथें सतराव्या वर्षीं मोटार चालवितां येते, आणि विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो चालकाच्या वयाचा व अनुभवाचा. कोवळ्या चालकाचा हप्ता इतका जबर असतो कीं कित्येकदां तो गाडीच्या किंमतीच्याहि वर जातो. जुन्या, जतन केलेल्या गाड्यांसाठीं तेथें निराळे विमे मिळतात. त्यांत गाडीची किंमत आधींच उभयपक्षीं ठरवून टाकतात आणि वर्षांतून किती मैल चालवावयाची याची मर्यादा घालतात. पण असा विमा देणाऱ्या पुष्कळ कंपन्या विशीच्या आंतील चालकास दारांतूनच परत पाठवितात. कोणी बाप हप्ता वाचविण्यासाठीं मुख्य चालक म्हणून स्वतःचें नांव घालील आणि गाडी रोज मुलगाच चालवील, तर कायदा त्यास लबाडी समजतो. आपल्याकडे हा जाच नाहीं म्हणून आपण सुखी आहों, असें प्रथम वाटतें. विचार केल्यावर तसें वाटत नाहीं. तेथें मुलाचें वय कंपनी तोलते. येथें तें कोणीच तोलीत नाहीं. म्हणून तें काम घरानें केलें पाहिजे, हेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

परंतु विम्याचा अर्ज भरण्यापूर्वीं दोन गोष्टींचा निकाल लावावा लागतो. पहिली ही कीं, गाडी मिरवावयाची कीं वापरावयाची? केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें, प्रथम नोंदणीपासून पन्नासांहून अधिक वर्षें झालेली आणि मूळ स्वरूपांत राखलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. तिच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात व नोंदणी दहा वर्षें चालते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत अशा गाडीस सक्तीच्या विम्याच्या हप्त्यांत निम्मी सूटहि ठेवली आहे. ही सूट ऐकून आमच्या स्नेह्यांचे चिरंजीव पुढें सरसावले. पण त्याच नियमांत लिहिलें आहे कीं, अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, इंधन भरणें आणि देखभाल एवढ्यांसाठींच रस्त्यावर आणावी. नित्याच्या वापरासाठीं आणूं नये. नातवास ती रोज महाविद्यालयांत न्यावयाची असेल, तर हा मार्ग त्यास बंद आहे. मग साधी नोंदणीच राखावी लागते: पहिलीं पंधरा वर्षें संपल्यावर दर पांच वर्षांनीं आरटीओकडून तपासून घेऊन नूतनीकरण, पर्यावरण कर आणि धुराचें प्रमाणपत्र. सूट मिळते म्हणून पूजेच्या मूर्तीच्या नांवें गाडी नोंदवावयाची आणि बैलासारखी तिला राबवावयाची, हें चालणार नाहीं.

दुसरी गोष्ट नांवाची. एकत्र कुटुंबांत जुन्या गाडीचें नोंदणीपुस्तक पुष्कळदां दिवंगत वडिलांच्या अगर काकांच्या नांवेंच राहिलेलें असतें. भिंतीवर तसबिरीस हार आणि आरटीओंत मालक म्हणून तेच! त्यांत कोणास गैर वाटत नाहीं. उलट तें नांव बदलणें जिवावर येतें. परंतु मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओस कळवावें आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नांवें करण्यासाठीं अर्ज करावा, असा नियम आहे. विमापत्रहि विमाधारकाच्या मृत्यूनंतर तीन महिने अथवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकीं जें आधीं येईल तोंवरच जिवंत असतें. त्यानंतर मृताच्या नांवें हप्ता भरीत राहणें म्हणजे बंद घराच्या दारांत दूध ठेवण्यासारखें आहे. नातवाच्या हातीं किल्ली देण्यापूर्वीं गाडी घरांतील हयात माणसाच्या नांवें करावी. आमच्या पाहण्यांतील एका घरीं तीन भावांच्या संमतीच्या सह्या गोळा करण्यांतच पांच महिने गेले. तोंवर त्यांनीं गाडी दाराबाहेर काढली नाहीं, हें आम्हांस फार शहाणपणाचें वाटलें.

हें झालें म्हणजे विम्याकडे वळावें. लोक आधीं गाडीचा विचार करतात, मग जमल्यास मुलाचा, आणि रस्त्यावरील तिऱ्हाइताचा विचार 'तें सक्तीचेंच आहे' म्हणून सोडून देतात. आमच्या मतें हा क्रम उलटा लावावा.

प्रथम तिऱ्हाईत. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांतील विम्याचें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलांत आलें. तेव्हांपासून दुसऱ्यास होणाऱ्या इजेचा विमा आपल्या देशांत सक्तीचा आहे. हल्लींच्या १९८८ च्या कायद्यांत तो कलम १४६ मध्यें सांगितला आहे आणि त्यावांचून गाडी चालविणें हा गुन्हा आहे. व्यवहारांत यास 'थर्ड पार्टी' म्हणतात. या फियाटच्या आकाराच्या इंजिनास २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणें वर्षास ३,४१६ रुपये पडत. एवढ्या रकमेंत रस्त्यावरील मनुष्याच्या मृत्यूची वा दुखापतीची न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई येते, तिला वरची मर्यादा नाहीं. त्याच्या मालमत्तेच्या हानीस मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे. यापरता स्वस्त सौदा आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु चालक बिनलायसेन्सी असेल, तर न्यायालय कंपनीस आधीं पीडितास पैसे द्यावयास लावून मग ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊं शकतें. मालक म्हणजे आजोबा, आणि वसुली म्हणजे राहतें घर. अल्पवयीन मुलाविषयीं तर २०१९ च्या दुरुस्तीनें कायदा फारच कडक झाला आहे. त्याच्या हातून गुन्हा घडल्यास पालक अगर गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसेन्स मिळत नाहीं. 'आमचा सोळाव्या वर्षींच सफाईनें चालवितो' असें कौतुकानें सांगणाऱ्या मंडळींनीं हें कलम देवघराजवळ लावून ठेवावें.

मग मुलगा. येथें त्या नातवाच्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें आहे. विमापत्राबरोबर पंधरा लाखांचा जो व्यक्तिगत अपघात विमा घेतात, तो 'मालक-चालका'चा असतो. म्हणजे नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव आहे आणि ज्याच्यापाशीं लायसेन्स आहे, त्याचा. गाडी आजोबांच्या नांवें आणि चक्रावर नातू, तर या पंधरा लाखांशीं नातवाचा कांहीं संबंध नाहीं. बरें, तो तिऱ्हाईत म्हणून तरी मागूं शकेल काय? तेंहि नाहीं. मालकाकडून गाडी मागून घेऊन चालविणारा हा मालकाच्याच जागीं उभा असतो, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ मधील एका निकालांत म्हटलें आहे. म्हणजे रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य सुरक्षित, गाडी सुरक्षित, आणि ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप तो मुलगा उघड्यावर! यास उपाय सोपा आहे. मुलाच्या स्वतःच्या नांवानें स्वतंत्र अपघात विमा घ्यावा, घराच्या आरोग्य विम्यांत त्याचें नांव आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मोटारीच्या विमापत्रांत प्रवाशांसाठीं जी जादा तरतूद मिळते ती बरोबर बसणाऱ्या भावंडांसाठीं मागून घ्यावी. गाडीच्या किंमतीच्या घासाघिशींत जो दीड तास जातो, त्यांतील दहा मिनिटें या कामास पुरतात.

शेवटीं गाडी. योग म्हणजे न मिळालेल्याची प्राप्ति आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचें रक्षण, असा भेद भाष्यकारांनीं केला आहे. विमा हा क्षेमाचा प्रकार आहे, योगाचा नव्हे. म्हणून मायेपोटीं भलतीच मोठी किंमत लिहून फायदा नाहीं. पांच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमाकिंमत घटीच्या ठराविक कोष्टकावरून निघते. त्याहून जुन्या गाडीची विमाधारक आणि कंपनी यांनीं आपसांत ठरवावयाची असते. येथें फार कमी आंकडा घेणेंहि घातक आहे, हें पुष्कळांस माहीत नसतें. दुरुस्तीचा खर्च विमाकिंमतीच्या पाऊणपटीहून अधिक झाला म्हणजे कंपनी गाडी 'संपूर्ण नुकसान' झाल्याचें धरते. साठ हजारांची किंमत लिहून हप्त्यांत थोडे रुपये वांचविले आणि मुलानें गाडी एका झाडास घांसली, तर पंचेचाळीस हजारांच्या वर जाणारें पत्र्याचें व रंगाचें काम त्या गाडीस एकदम मृत ठरवितें. ज्या गाडीतून वरात आली ती भंगाराच्या भावानें हिशेबांत जाते. तेव्हां जाणत्या मूल्यमापकाकडून लेखी किंमत घ्यावी, गाडीचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें काढावीं, आणि पूर्वींच्या दुरुस्तीच्या पावत्या एकत्र ठेवाव्या. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर कंपनी निम्मी घट धरते, हेंहि आधींच ध्यानांत ठेवावें. म्हणजे पुढें फसवणूक झाल्यासारखें वाटत नाहीं.

आणखी दोन अपवाद तरुणांस समजावून सांगावे. विमापत्र खासगी वापराचें असतें. भाड्यानें देणें आणि शर्यत लावणें त्यांत बसत नाहीं. जुन्या फियाटला हल्लीं लग्नाच्या मिरवणुकींत आणि चित्रपटांत मागणी असते. मित्राच्या बहिणीच्या लग्नांत 'पेट्रोलपुरते' म्हणून कांहीं रुपये घेतले कीं कागदाचा आधार डळमळूं लागतो. तसेंच गाडींत नवें संगीतयंत्र, मोठे दिवे अगर गॅसची टाकी बसविली तर कंपनीस कळवावें लागतें. पन्नास वर्षांच्या तारांवर नव्या यंत्राचा भार टाकणें हें आगीस आमंत्रण आहेच. तें न कळविणें म्हणजे आगीनंतरच्या भांडणासहि आमंत्रण आहे.

इतकें सांगितल्यावर कोणी विचारील कीं, अशी गाडी पहिली म्हणून द्यावीच कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर सर्व घरांना एक देतां येणार नाहीं. जुनी गाडी मुलास पुष्कळ शिकविते. ती वेग सोसत नाहीं, गिअर चुकला कीं ओरडते, आणि पाणी-तेलाची रोज विचारपूस करावयास लावते. पण तिचे ब्रेक आजच्या वाहतुकीसाठीं केलेले नाहींत आणि धक्का बसला तर ती आंतल्या माणसास कांहीं आडोसा देत नाहीं. अनुभवी मनुष्य हें उणें स्वतःच्या सावधपणानें भरून काढतो. नवशिक्यापाशीं नेमका तोच ऐवज नसतो. त्या न्यायांतील प्रवाशांपैकीं एकाजवळ चांगला रथ आणि दुसऱ्याजवळ चांगले घोडे होते. येथें रथ थकलेला आणि घोडा अननुभवी. ही जोडी जुळवावयाची तर घरानें सारथ्याचे नियम घालून द्यावे.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं ते असे ठरले. पुढच्या आसनांस चांगल्या कारागिराकडून पट्टे बसवून घ्यावयाचे, आणि ते बसेपर्यंत गाडी हलवावयाची नाहीं. पहिले सहा महिने शेजारीं वडील किंवा काका. रात्रीं आणि मुसळधार पावसांत नाहीं. द्रुतगति महामार्गावर मुळींच नाहीं. दर तीन महिन्यांनीं ब्रेकची तपासणी, आणि तिची पावती आजोबांच्या हातांत. मित्रांनीं मागितली तर 'ती माझी नाहीं, आजोबांची आहे' असें सांगावयाचें. तें खरेंहि आहे. मुलानें हे नियम स्वतःच्या अक्षरांत लिहिले. आजोबांनीं त्याखालीं एकच कलम वाढविलें: गाडीस कांहीं लागलें तर रागावणार नाहीं, पण लपवून ठेवलें तर किल्ली परत. या कलमास विमा कंपनीच्या कागदांत जागा नाहीं, परंतु आम्हांस तें सर्व कलमांत महत्त्वाचें वाटलें. भयानें लपविलेला लहान अपघातच पुष्कळदां मोठ्या अपघाताचा पाया असतो, आणि कंपनीसहि उशिरां कळविलेल्या गोष्टीचा संशय येतो.

त्याच आठवड्यांत त्यांनीं नातवाच्या नांवानें अपघात विमा उतरविला. गाडीच्या किंमतीच्या मानानें त्याचा हप्ता अगदींच किरकोळ होता. कागद घरीं आला तेव्हां स्नेह्यांनीं तो मुलास वाचावयास दिला. त्यानें आपलें नांव, जन्मतारीख आणि वारसाचा रकाना नीट तपासला. आडनांवांत एक अक्षर चुकलें होतें, तें दाखविलें, आणि दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करून आणलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या अंगणांत अशी गाडी आणि घरांत असा मुलगा आहे, त्यांनीं आजच आपलें विमापत्र कपाटांतून काढावें आणि मुलाच्याच हातीं वाचावयास द्यावें. त्यांत आपलें नांव कोठें आहे हें त्यास शोधूं द्यावें. तें सांपडलें नाहीं, तर पुढें काय करावयाचें हें वर सांगितलेंच आहे.